ब्रुकनरच्या सिंफनी पहिल्यांदाच ऐकताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा ब्रुकनर नक्की कोण?

अँटन ब्रुकनर, ऑस्ट्रियन संगीतकार. जन्म ४ सप्टेंबर १८२४, लिंझ शहराजवळ आन्सफेल्डेन नावाच्या खेड्यात. वडील शाळामास्तर आणि चर्चमध्ये ऑर्गनही (नळ्यांचं अवाढव्य वाद्य) तेच वाजवायचे, तिकडे तेव्हा मास्तरकीच्या नोकरीतच ते काम यायचं. १८३७ ला वडील गेले आणि आईने पोराला जवळच्या सेंट फ्लोरियन मठात गाणाऱ्या मुलांमध्ये नेऊन ठेवलं. पुढे हाही मास्तर झाला, मग लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ऑर्गनिस्ट, आणि १८६८ ला व्हिएन्नाच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला गेला.

त्याची पहिली नंबरवाली सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीची, बहुतेक चार भागांची मोठी रचना) लिंझमध्ये वाजली ती त्याच १८६८ च्या मे महिन्यात, म्हणजे वय ४३. संगीतकार शूबर्ट बिचारा ३१ व्या वर्षी गेलासुद्धा होता. एवढा उशीर का, तर बाबाला परीक्षा द्यायची आणि सर्टिफिकेट जमवायची जबरदस्त हौस, सिमोन झेक्टर नावाच्या व्हिएन्नातल्या गुरूकडे हा सहा वर्षं बराचसा पत्राने काउंटरपॉइंट (एकाच वेळी अनेक चाली गुंफायचं शास्त्र) शिकत होता आणि गुरूची अट अशी की शिक्षण चालू असेपर्यंत स्वतःचं काही रचायचं नाही, आणि याने ती मुकाट पाळली! त्यानंतर ऑटो किट्झलरकडे ऑर्केस्ट्रेशन (कुठली चाल कुठल्या वाद्याला द्यायची ते) शिकला आणि तिथे पहिल्यांदा ऑपेरावाला वॅग्नर कानावर पडला, मग गाडी सुटली.

एकूण सिंफनी किती?

नंबरवाल्या ९, त्यातली नववी अपुरी. शिवाय १८६३ ची एक एफ मायनर या पट्टीतली, जिला अभ्यासाची सिंफनी म्हणतात, आणि १८६९ ची डी मायनरमधली एक, जी त्याने स्वतःच रद्द केली म्हणून तिचा नंबर शून्य. हो, खरंच झीरो. नवख्याने या दोन्हींकडे सध्या बघू नये.

सुरुवात कुठून करू? एक ते नऊ ओळीने ऐकू का?

ओळीने अजिबात नको. पहिली आणि दुसरी ऐकेपर्यंत निम्मे लोक गळतात. चौथी किंवा सातवी घ्या.

चौथीची सुरुवात ऐका. व्हायोलिन्स एकदम हळू थरथरतायत आणि त्यावर एकटा हॉर्न. ई फ्लॅटला सा धरलं तर तो वाजवतो प, सा, प. वरच्या पंचमावरून खाली षड्जावर आणि परत पंचमावर, बस्स. मग दुसऱ्यांदा तीच हाक, पण पहिल्या प च्या जागी कोमल धैवत येतो: ध, सा, प. सूर फक्त अर्ध्याने वर सरकलाय, पण तेवढ्याने अख्ख्या चित्रावर सावली पडते. पेटीवर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पुढचा तासभर तो हेच करत राहतो, अगदी साधी गोष्ट घेतो आणि तिचा एखादाच सूर हलवतो. ही ट्रिक चौथीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात कळली की बाकीच्या आठ सिंफनींचं दार उघडलं असं समजा.

सातवी जास्त गोड आहे. चेलोवर एक लांबच लांब चाल चढत जाते, मला तरी त्याच्या सगळ्या सिंफनींमधली सगळ्यात सुंदर सुरुवात हीच वाटते. लोकांनाही तेव्हा हीच पहिल्यांदा आवडली, ३० डिसेंबर १८८४ ला लायप्झिगला कंडक्टर आर्थर निकिशने ती वाजवली तेव्हा ब्रुकनर ६० वर्षांचा होता आणि खरं नाव त्याला त्यानंतर मिळालं.

मी २० मिनिटं ऐकलं, काहीच घडलं नाही. माझं काही चुकतंय का?

तुम्ही पुढे काय होणार याची वाट बघताय, तिथे गाडी अडते. बीथोव्हेनमध्ये भांडण असतं, चायकॉव्स्कीमध्ये स्टोरी असते, ब्रुकनरमध्ये दोन्ही नाही. तो एक मोठा तुकडा ठेवतो, तो संपला की शेजारी दुसरा ठेवतो, आणि मग पहिल्याकडे परत येऊन तो जरा वेगळ्या उजेडात दाखवतो. तो मुळात ऑर्गनवाला आहे हे विसरू नका. ऑर्गनवर स्टॉप (कुठल्या नळ्या वाजणार ते ठरवणारा खटका) बदलला की आवाजाचा पोत एका झटक्यात बदलतो, याचा ऑर्केस्ट्राही तसाच बदलतो, आत्ता फक्त तंतुवाद्यं, आता एकदम सगळं पितळ (पितळी फुंकवाद्यं), आता दोन बासऱ्या आणि खाली काहीच नाही.

ऐकताना धरायला तीन खुंट्या देतो. त्याच्या जवळजवळ प्रत्येक पहिल्या आणि शेवटच्या मूव्हमेंटमध्ये (म्हणजे सिंफनीच्या भागात) थीम, म्हणजे मुख्य चाली, नेहमीसारख्या दोन नसतात, तीन असतात. पहिली धुक्यातून वर येते. दुसरी गाणारी, तिला तो स्वतः गाण्याचा भाग म्हणायचा. तिसरी खडबडीत, बऱ्याचदा सगळा ऑर्केस्ट्रा एकच ओळ एकसाथ वाजवतो. चौथीतली दुसरी थीम तर मजेशीर आहे, व्हायोलिनवर जो चिवचिवाट चाललाय तो त्याच्याच म्हणण्याप्रमाणे एका रानपाखराचा आवाज आहे, आणि खरी चाल त्याच्या खाली व्हायोलाकडे आहे, सगळं लक्ष पाखराकडे गेलं तर ती निसटते. आणि हाताने टेबलावर ठोकायला एक ताल: एक-दोन, एक-दोन-तीन. दोन सरळ ठोके आणि तेवढ्याच वेळात तीन. हा त्याचा शिक्का आहे, ब्रुकनर ऱ्हिदम असंच नाव पडलंय.

मध्येच सगळं थांबतं. ॲप हँग झालंय का?

नाही हो, तो थांबलाय. दुसऱ्या सिंफनीत हे इतकं आहे की व्हिएन्नातल्या वादकांनी तिला विरामांची सिंफनी असं नाव ठेवलं होतं. यावर त्याचं उत्तर असं सांगतात की काही महत्त्वाचं बोलायचं असलं की आधी श्वास घ्यावा लागतो. मला वाटतं त्यात चर्चचाही भाग आहे, दगडी मोठ्या चर्चमध्ये जोरात वाजवलेला कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) विरायला कितीतरी सेकंद लागतात आणि तो विरेपर्यंत पुढचं वाजवलं तर सगळा गोंधळ होतो, आणि हा माणूस आयुष्यभर तिथेच वाजवत बसलेला.

आपल्या विलंबित ख्यालासारखं आहे का हे?

हा प्रश्न हमखास येतो, आणि ज्यांना ख्याल ऐकायची सवय आहे त्यांना ब्रुकनर लवकर पचतो हे खरं आहे, कारण दहा मिनिटं एकाच ठिकाणी बसायची त्यांना भीती नसते. पण साम्य तिथेच संपतं. ख्यालात सा जागचा हलत नाही, तानपुरा त्याला धरून असतो. ब्रुकनरमध्ये सा सतत सरकतो, तुम्ही एका घरात बसलाय असं वाटतं तोवर त्याने खालची जमीन बदललेली असते, आणि शेवटच्या दोन मिनिटांत मूळ सा परत मिळतो तेव्हाच तो सगळं पितळ मोकळं सोडतो. आणि आयत्या वेळी सुचलेलं इथे काही नाही, सगळं लिहिलेलं, मोजलेलं. मोजलेलं म्हणजे अक्षरशः, त्याला आकडे मोजायचा नाद होता, पुढे पुढे तो आजारच झाला, आणि त्याच्या हस्तलिखितांत प्रत्येक वाक्याखाली मात्रांचे नंबर टाकलेले दिसतात.

वॅग्नरचा चेला म्हणतात तो खरंच होता का?

भक्त होता, चेला म्हणणं कठीण आहे. वॅग्नर आयुष्यभर ऑपेरात रमला, याने ऑपेरा एकही लिहिला नाही. ऑर्केस्ट्राचा रंग आणि मोठे पितळी आवाज घेतले, पण ऑपेरांत चाललंय काय याच्याशी याला फारसं देणंघेणं नव्हतं असं दिसतं.

१८७३ चा किस्सा प्रसिद्ध आहे. हा बायरॉइटला वॅग्नरकडे दुसरी आणि तिसरी अशा दोन सिंफनी घेऊन गेला, यातली एक तुम्हाला अर्पण करू द्या म्हणून. वॅग्नरने एक निवडली, पाहुणचार झाला, बिअर झाली, आणि सकाळी याला आठवेना की निवडली कोणती! मग चिठ्ठी पाठवली की डी मायनरवाली का, जिच्यात ट्रम्पेट थीम सुरू करतो ती? खाली वॅग्नरचं उत्तर, हो हो. म्हणून तिसरी वॅग्नरची.

ती तिसरी फ्लॉप झाली होती ना?

फ्लॉप म्हणजे काय, लोक उठून गेले. १६ डिसेंबर १८७७, व्हिएन्ना. कंडक्ट करणार होता योहान हेरबेक, तो आधीच वारला, मग ब्रुकनर स्वतः उभा राहिला, आणि कंडक्टर म्हणून तो यथातथाच होता. शेवटपर्यंत थोडेच लोक उरले. त्यात एक १७ वर्षांचा विद्यार्थी होता, पुढे स्वतः मोठा संगीतकार झालेला गुस्ताव मालर. आणि एक प्रकाशक होता, टेओडोर रेटिग, त्याने त्याच संध्याकाळी छापायची तयारी दाखवली. पियानोवर चार हातांनी वाजवायची आवृत्ती पुढे मालरने एका मित्राबरोबर केली.

व्हिएन्नाचे पेपर त्याच्या विरुद्ध होते, मुख्य म्हणजे समीक्षक एडुआर्ड हान्सलिक. तो संगीतकार ब्राम्सच्या पार्टीचा, आणि त्या गावात तेव्हा ब्राम्स की वॅग्नर असं उभं भांडण होतं, त्यात हा गावाकडचा ढगळ पँटवाला मास्तर मधल्यामध्ये भरडला गेला. त्याने सम्राटाला हान्सलिकला आवरायची विनंती केली होती असाही किस्सा आहे, खराखोटा कोण जाणे, पण त्याच्या स्वभावाला शोभतो. कंडक्टर हान्स रिश्टरने चौथीची रिहर्सल छान घेतली म्हणून याने खुशीत त्याच्या हातात एक नाणं ठेवलं, जा बिअर पी म्हणून, हे मात्र पक्कं आहे. रिश्टरने ते नाणं घड्याळाच्या साखळीला लावून ठेवलं.

एकाच सिंफनीची इतकी व्हर्जन्स का? हास, नोवाक हे काय आहे?

हा भाग डोकेदुखीचा आहे आणि सुरुवातीला पूर्ण सोडून दिलात तरी चालेल. थोडक्यात असं की लोक नावं ठेवायचे आणि हा परत लिहायला बसायचा. चौथी १८७४ ची, मग १८७८ ते ८० मध्ये नवीन शिकारीवालं स्केर्झो (वेगवान मूव्हमेंट) आणि नवीन फिनाले (शेवटची मूव्हमेंट), मग १८८८ ला आणखी एक. तिसरीची तीन मुख्य रूपं: १८७३, १८७७, १८८९. त्यात शिष्यमंडळी, शाल्क बंधू आणि फर्डिनांड ल्योवे, प्रेमापोटी हात घालून काटछाट करायचे, वॅग्नरसारखं वाजावं म्हणून वाद्यं बदलायचे. पाचवीची तर कमाल, १८९४ ला ग्राझमध्ये फ्रान्झ शाल्कने स्वतःच्या हाताने बदललेली वाजवली, आजारी ब्रुकनर जाऊ शकला नाही, आणि ऑर्केस्ट्रावर ती त्याने कधीच ऐकली नाही. पुढे रोबर्ट हास आणि मग लेओपोल्ड नोवाक या संपादकांनी हस्तलिखितांवरून शुद्ध आवृत्त्या काढल्या, पण त्या दोघांचंही एकमेकांशी जुळत नाही.

कव्हरवर चौथीला १८७८/८० आणि आठवीला १८९० लिहिलेलं असेल (किंवा हास), तर डोळे मिटून घ्या. सातवी, सहावी, पाचवीला फार फरक पडत नाही.

सातवीत झांज वाजते की नाही यावर भांडण का?

कारण ती एकदाच वाजते! दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये, म्हणजे अडाजिओमध्ये (संथ मूव्हमेंट). वॅग्नर आता फार दिवसांचा सोबती नाही या विचारात ती सुरू झाली, चार वॅग्नर ट्यूबा (हॉर्नच्या जातीचं पितळी वाद्य) पहिल्यांदा इथे घेतल्या, आणि १३ फेब्रुवारी १८८३ ला वॅग्नर खरंच गेल्याची बातमी आल्यावर शेवटचा शोकाचा भाग लिहिला. त्याच्या आधी एक प्रचंड चढ आहे, सी शार्प मायनरमध्ये सुरू झालेली मूव्हमेंट लख्ख सी मेजरवर येते आणि तिथे झांज, ट्रायँगल, टिंपानी (नगारे). पण हस्तलिखितात हे तिघे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेत आणि त्यावर कोणीतरी लिहिलंय, चालणार नाही. ते अक्षर ब्रुकनरचं की दुसऱ्याचं यावर वाद. हासने झांज काढली, नोवाकने ठेवली. माझं मत, ठेवा. वीस मिनिटं चढल्यावर तेवढं तरी हवं.

कोणतं रेकॉर्डिंग?

चौथी: कंडक्टर कार्ल ब्योम, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७३. हॉर्न ऐकूनच पैसे वसूल. सातवी आणि आठवी: काराजानची व्हिएन्नाबरोबरची, अगदी शेवटच्या काळातली. सहावी: क्लेम्परर. नववी: जुलिनी, व्हिएन्ना. सगळा सेट हवा असेल तर ऑयगेन योखुम (जरा गरम डोक्याचा, वेग सतत बदलतो) किंवा ग्युंटर वांड (एकदम शिस्तीत). चेलिबिडाकेच्या म्युनिकच्या रेकॉर्डिंगबद्दल लोक भारावून बोलतात, पण एरवी ८० मिनिटांची आठवी तो १०० मिनिटांच्याही वर नेतो, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या वाटेला जाऊ नका, पुढे जा आणि जरूर जा.

आणि आपला माणूस राहिलाच, मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. त्यांनी तिशीच्या आतच, १९६५ ला, व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर नववी डेक्का कंपनीसाठी रेकॉर्ड केली, आणि ती आजही पहिल्या फळीत धरतात. तरुण माणसाचं वाजवणं आहे, धग जाणवते.

ऐकायचं कसं? मोबाईलवर चालेल?

मोबाईलच्या स्पीकरवर नाही. याचं हळू म्हणजे फार हळू आणि जोरात म्हणजे फार जोरात, चौथीची ती थरथर पंख्याच्या आवाजातसुद्धा बुडते, मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि पाऊण मिनिटाने पितळ आलं की शेजारी बेल वाजवतात. चांगले हेडफोन, पंखा बंद किंवा एकवर, आणि घरातले झोपल्यावर. ॲपवर शफल बंद आहे ना ते बघा, कारण ॲपला वाटतं ही चार वेगळी गाणी आहेत. फ्री प्लॅनवर दोन मूव्हमेंटच्या मध्ये जाहिरात येते, अडाजिओ संपून हवेत विरतोय आणि लगेच कोणीतरी कर्ज घ्या म्हणून ओरडतं, त्यापेक्षा सरळ यूट्यूबवर ऑर्केस्ट्राच्या अधिकृत चॅनेलवरची मैफल बघा, कोण कधी वाजवतंय ते दिसतं आणि नवीन माणसाला त्याचा फार उपयोग होतो.

एका बैठकीत सगळी ऐकायची सक्ती नाही. आठवडाभर एकच मूव्हमेंट ऐका, हरकत नाही.

आठवी आणि नववी कधी?

चौथी, सातवी, मग सहावी झाल्यावर. आठवी डोंगर आहे. पहिली मूव्हमेंट जोरात संपत नाही, घड्याळाच्या टिकटिकीसारखी विझते, मरणाऱ्या माणसाच्या खोलीतलं घड्याळ असं तो म्हणायचा. अडाजिओ जवळपास २५ मिनिटांचा, त्यात हार्प, जी त्याने बाकी कुठल्याच सिंफनीत वापरली नाही. आणि अगदी शेवटी चारही मूव्हमेंटच्या थीम एकावर एक सी मेजरमध्ये.

१८८७ ला त्याने ती मोठ्या आशेने कंडक्टर हेरमान लेवीला पाठवली, ज्याने म्युनिकमध्ये सातवी गाजवली होती त्यालाच, आणि लेवीने कळवलं की मला ही समजत नाही. त्या धक्क्याने त्याने आठवी तर परत लिहिलीच, शिवाय तिसरी आणि पहिली उकरून काढून त्यांच्यातही वर्षं घालवली. १८९२ ला व्हिएन्नात नवी आठवी वाजली आणि गाजली, हान्सलिक फिनालेच्या आधीच निघून गेला. पण ती वर्षं नववीची होती, याचा मला आजही राग येतो. पहिलीची दुरुस्ती कोणी मागितली होती?

नववी त्याने देवाला अर्पण केली. तीन मूव्हमेंट पूर्ण. ११ ऑक्टोबर १८९६ ला व्हिएन्नात, सम्राटाने बेलव्हेडेरमध्ये राहायला दिलेल्या घरात तो गेला तेव्हा तिच्या चौथ्या मूव्हमेंटची पानं टेबलावर होती, त्यातली काही लोकांनी आठवण म्हणून उचलून नेली. फिनाले पुरी करायचे प्रयत्न झालेत, त्यातलं एक रूप सायमन रॅटलने २०१२ ला बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर वाजवलं. मी तिसऱ्या मूव्हमेंटवर थांबतो.

हा हिटलरचा आवडता होता म्हणे?

हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ६ जून १९३७ ला रेगेन्सबुर्गजवळच्या वालहाला स्मारकात ब्रुकनरचा पुतळा बसवला तेव्हा हिटलर स्वतः हजर होता, आणि १९४५ ला हिटलरच्या मृत्यूच्या घोषणेच्या वेळी रेडिओवर सातवीचाच अडाजिओ लावला होता. पण ब्रुकनर ४० वर्षं आधी गेलेला, राजकारणाशी त्याचा संबंध शून्य. आणि त्याला उचलून धरणारे लेवी आणि मालर दोघेही ज्यू होते, हे नाझींनी सोयीस्करपणे विसरलं.

मी नास्तिक आहे, चालेल का?

चालेल की. रोज प्रार्थना करणारा आणि किती केल्या ते डायरीत मांडून ठेवणारा माणूस होता, पण सिंफनीत शब्द नाहीत, कोणी तुम्हाला विचारणार नाही.

मालर आवडतो, हा आवडेल का?

सांगता येत नाही. दोघं लांब आणि दोघं मोठ्या ऑर्केस्ट्राचे म्हणून दुकानात शेजारी ठेवतात एवढंच. मालर सतत स्वतःबद्दल बोलतो, ब्रुकनर स्वतःबद्दल जवळजवळ बोलतच नाही. मालरवाल्यांनी नववीपासून सुरुवात करावी, तिच्या अडाजिओतला तो भयानक कर्कश कॉर्ड त्यांना घरचा वाटेल.

मुंबईत लाइव्ह ऐकायला मिळेल का?

एनसीपीएला (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, त्यांचे मोसम साधारण सप्टेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या आसपास असतात, प्रोग्रॅम जाहीर झाला की नजर ठेवा. सातवी, आठवी, नववीला चार वॅग्नर ट्यूबा लागतात, ते वाजवणारे कुठेही सहज मिळत नाहीत, त्यामुळे आशा धरायची तर चौथी किंवा सहावीची धरा. परदेशात असाल तर सोपं आहे, जर्मनी-ऑस्ट्रियात दर सीझनला कुठे ना कुठे लागलेला असतोच. आणि लिंझला गेलात तर सेंट फ्लोरियनला बसने जाता येतं, तिथे ऑर्गनच्या बरोबर खाली तळघरात त्याची शवपेटी आहे, जागा त्यानेच सांगून ठेवली होती, आणि मागच्या भिंतीला जुन्या कवट्या आणि हाडं रचून ठेवलीत, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून न्या.